उजव्या दाराची काच

"ही काच बाहेरची आहे," डॉक्टर कित्तूर म्हणाले आणि त्यांनी माझ्या फियाटच्या उजव्या पुढच्या दारावर टिचकी मारली.

मी गाडीच्या दुसऱ्या अंगाला उभी होते. म्हटलं, "उजवी नाही, डॉक्टर. डावी. मघाशीच सांगितलं की मी."

"तुम्ही सांगितलंत, पण गाडी वेगळं सांगतेय."

कोल्हापुरात त्या वर्षी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं आणि मी आमची सहासष्ट सालची फियाट 'मूळ रूपातली गाडी' या गटात उतरवली होती. गटाचा नियम सोपा होता. गाडीतलं काय काय बदललंय ते मालकानं आधी सांगायचं, मग परीक्षक तपासणार. सांगण्यात आणि सापडण्यात फरक निघाला की गाडी बाद. काचा तपासायला डॉक्टर कित्तूर होते. त्यांनी आयुष्यभर दातांचा दवाखाना चालवला होता आणि काचांचे कोपरेही ते दात बघायच्या दांडीच्या आरशानंच बघत. गाडीला आता 'आ करा' म्हणतात की काय असं वाटायचं.

माझा स्वभाव मुळात वाद घालायचा. मी वळसा घालून उजव्या बाजूला गेले.

त्यांनी मला वाकायला लावलं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव कोरलेलं होतं आणि त्याखाली एक आकडा आणि दोन-तीन ठिपके. इतकी वर्षं मी ती गाडी पुसत होते, पण ते ठिपके म्हणजे काय हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आकडा म्हणजे काच बनली त्या सालाचा शेवटचा अंक, ठिपके म्हणजे तिमाही. समोरची काच पाच, मागची पाच, मागच्या दारांच्या पाच, पुढची डावी पाच. म्हणजे पासष्टच्या अखेरीस काचा बनल्या आणि सहासष्टच्या सुरुवातीला त्या गाडीत बसल्या, जसं व्हायला हवं तसंच. उजव्या पुढच्या काचेवर मात्र तीन होता.

"त्रेसष्टची असेल. कारखान्यात पडून राहिलेली."

"त्र्याहत्तरची आहे. नावाभोवती हे लंबवर्तुळ दिसतंय ना, ते कंपनीनं सत्तरनंतर काढायला सुरुवात केली. बाकीच्या काचांवर बघा, नाहीये."

"मग कुणीतरी डावी-उजवी अदलाबदल केली असेल."

डॉक्टर हसले. "डाव्या दाराची काच उजव्या दारात बसत नाही, मॅडम. डावा बूट उजव्या पायात घालून बघा."

मी हसले नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नका, बोलण्यात चूक झाली म्हणून मी लिहून देतो, गाडी गटात राहील. मी म्हटलं, राहू दे, काढून टाका आमची गाडी. आणि आत बसून मी सगळ्या काचा वर केल्या.

त्यांना मी काय सांगणार होते? त्या डाव्या काचेपायी एक माणूस सात वर्षं तुरुंगात राहून आला होता.

माझे वडील, श्रीधर हेर्लेकर, साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. चौऱ्याहत्तर साली ऐन गळिताच्या हंगामात कामगारांनी संप केला. फाटकातून बाहेर पडलं की डाव्या हाताला संपवाल्यांचा मांडव होता आणि उजव्या हाताला वजनकाटा. वडील बोलणी करायला सांगलीला निघाले होते. गाडी स्वतःच चालवत होते, बरोबर कुणी नव्हतं. फाटकाबाहेर आल्यावर दगड आला आणि त्यांच्या डोक्याला मागच्या बाजूनं लागला. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात ते वारले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

दगड तातोबा मगदूमनं मारला, हे आमच्या घरात मला सूर्य पूर्वेला उगवतो तसं ठाऊक होतं. तातोबा वडिलांच्याच हाताखाली पॅनमन होता. उसाचा पाक ज्या मोठ्या भांड्यांत उकळून त्याची साखर होते, त्या पॅनवर त्याचं काम असे. संपाचा पुढारीही तोच. आणि त्याला दगड मारताना पाहणारा माझा सख्खा मामा होता. दिनकरमामा तेव्हा कारखान्याच्या टाइम ऑफिसात होता आणि त्या दुपारी वजनकाट्यापाशी उभा होता. त्यानंच धावत येऊन वडिलांना बाजूच्या सीटवर सरकवलं आणि तीच गाडी चालवत मिरज गाठलं. गाडीतला काचेचा चुरा त्यानंच झाडला, कोल्हापुरातून नवी काच त्यानंच बसवून आणली. कोर्टातही त्यानंच सांगितलं, की मांडवातली माणसं अंगावर येताना बघून दाजी घाबरले, त्यांच्याकडं पाठ करून माझ्याकडं वळले, आणि तातोबाचा दगड डावी काच फोडून मागून त्यांच्या डोक्यात बसला.

तातोबाचं म्हणणं वेगळं होतं. साहेबांनी गाडी थांबवली, डावी काच खाली केली आणि ते माझ्याशी बोलत होते, असं तो म्हणाला. त्यावर कोर्टात लोक हसले, असं आई सांगायची.

वडील गेले याचं दुःख आईला होतंच. पण ते घाबरून पाठ फिरवताना गेले, हे तिला आतून खात राहिलं. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. माझ्याजवळ एकदाच बोलली, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, वडिलांच्या फोटोला हार घालताना. गाडी तिनं विकली नाही आणि तिच्यात कधी बसलीही नाही. ताडपत्रीखाली पडलेली ती गाडी मी मोठेपणी बाहेर काढून चालू केली, तेव्हाही ती दारातूनच बघत राहिली.

तातोबा सुटून आला तो त्याच गावात राहिला. त्याला काम कुणी दिलं नाही. आठवडी बाजारात भाजी विकून त्यानं दिवस काढले. त्याला हाक मारताना लोक नावामागं काय जोडत ते इथं लिहीत नाही. त्याच्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न त्याच्यापायी जमता जमता मोडलं. आणि हा माणूस कधीमधी आमच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही, काही मागायचा नाही. आई दार लावून घ्यायची. निर्ढावलेला आहे, म्हणायची.

प्रदर्शनाच्या त्याच आठवड्यात सुनंदा आमच्याकडे आली होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, तातोबाला दादा म्हणायची. मला म्हणाली, "ताई, दादांचं आता काही खरं नाही. काकूंशी दोन शब्द बोलायचेत म्हणतात. एकदाच घेऊन याल का?" आई आतल्या खोलीत होती. तिथूनच म्हणाली, "मेल्यावर कळवा." सुनंदानं मान खाली घातली आणि ती गेली.

हे सगळं प्रदर्शनाच्या मैदानात, त्या गाडीत बसल्या बसल्या, माझ्या डोक्यात नव्यानं लागत गेलं. डावी काच पासष्टची होती, म्हणजे ती कधी फुटलीच नव्हती. खिडकी मोकळी दिसली असेल ती काच दाराच्या पोटात उतरवलेली होती म्हणून. फुटली होती ती उजवी. पोलीस गाडी बघायला आले तेव्हा पुढच्या दोन्ही खिडक्या मोकळ्या, सगळीकडं चुरा, आणि कुठली काच फुटली हे सांगायला एकटा मामा. उजव्या हाताला वजनकाटा होता. तिथं मांडवातलं कुणीच नव्हतं.

मी जयसिंगपूरला मामाच्या घरी गेले.

मामा झोपाळ्यावर बसून बशीतून चहा पीत होता. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तो एकटाच राहायचा. मला बघून त्याचा चेहरा उजळला. गाडीला बक्षीस मिळालं का, म्हणाला. हा माणूस कसा होता ते सांगायला हवं. वडील गेल्यावर आमचं घर त्यानंच सांभाळलं. मला सायकल त्यानं शिकवली, कॉलेजात त्यानं घातलं, माझं कन्यादान त्यानं केलं. मला ताप आला की तो रात्रभर जागायचा. त्याच्यावर माझा इतका जीव होता, की दारातून आत पाऊल टाकतानाही मला वाटत होतं, तो काहीतरी साधं कारण सांगेल आणि मी मोकळी होईन.

"मामा, तू तेव्हा काच कुठल्या दाराची बदललीस?"

"डाव्या." मग बशीतून वर बघत म्हणाला, "का गं?"

मी सांगितलं. आकडा, ठिपके, डॉक्टर, सगळं. त्यानं बशी खाली ठेवली.

"काचेवर साल असतं?" त्यानं विचारलं.

"असतं."

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "ठाऊक असतं तर दोन्ही बदलल्या असत्या."

इतकं सरळ बोलला तो, की मला पुढं काही विचारावं लागलं नाही. मग आपणहूनच सांगत गेला. संपवाल्यांना मांडवातून उठवायचं म्हणून वरून सांगणं आलं होतं. गावातली दहा-बारा पोरं वजनकाट्यामागं आणून बसवली होती. खिशात दगड दिले होते. पोरं आणली मामानं, दगड त्यानंही हातात घेतला होता. मांडवावर चार दगड पडले की पळापळ होईल, एवढाच बेत. दगड सुटायला लागले आणि त्याच वेळी वडिलांची गाडी फाटकातून येऊन मधोमध थांबली.

"दाजी थांबतील असं कुणाला वाटलं होतं? कुणीच थांबत नव्हतं तिथं. ते थांबले, मांडवाकडं वाकले आणि बोलायला लागले."

"दगड तुझा होता?"

"काय सांगू शैले? माझाही सुटला होता. सगळ्यांचेच सुटले होते. मी इतकी वर्षं तेच आठवतोय, माझा कुठं पडला. आठवत नाही."

मला त्याचा राग यायला हवा होता. तो नंतर आला, आणि आल्यावर गेला नाही. त्या वेळी मात्र मी त्याची बशी उचलून कडेला ठेवली. मी म्हटलं, तातोबा मरायला टेकलाय. तो म्हणाला, माहीत आहे, मी दर आठवड्याला दवाखान्यात चौकशी करतो.

"तूच चल. आईला तूच सांग."

"अक्काला हे सोसायचं नाही," तो म्हणाला. "माझ्यासाठी नको म्हणत नाही मी. तिच्यासाठी म्हणतो. तिनं हे सगळं एकदा निस्तरलंय. आता पुन्हा कशाला?"

मी दारापर्यंत जाऊन थांबले. तो उठेल असं वाटलं होतं. तो झोपाळ्यावरच बसून राहिला, पाय जमिनीला टेकवून, झोपाळा हलू न देता.

गावाकडं येताना मी गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला घेतली. खरं सांगते, न सांगण्याचाही विचार केला. आई अठ्ठ्याहत्तरची होती. तिला एकच भाऊ. पण तातोबाकडं किती दिवस होते, कुणास ठाऊक, आणि एकदा तो गेला की मी सांगितलेलं कुणाच्याच कामाचं राहणार नव्हतं.

आई मागच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. काचेचं तिला नीट कळेना, म्हणून तिला गाडीजवळ नेलं. तिचा चष्मा पुसून दिला आणि आधी डावी काच दाखवली, मग उजवी. तिनं दोन्हींवर बोट फिरवून बघितलं. मग मामा काय म्हणाला ते सांगितलं. ते ऐकताना ती गाडीच्या टपाला हात टेकवून उभी होती.

ती मामाबद्दल विचारील असं मला वाटलं होतं. तिनं वेगळंच विचारलं.

"मग त्यांचं तोंड कुणीकडं होतं?"

"मांडवाकडं. तातोबाशी बोलत होते, आई. पाठ वजनकाट्याकडं होती."

"म्हणजे घाबरले नव्हते."

"नाही."

तिनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. आयुष्यभर जे पाठीवर वाहिलं ते उतरवून ठेवावं तसा एक लांब श्वास मात्र तिनं सोडला, आणि लगेच तिचा चेहरा पुन्हा बदलला. दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली होती.

"दिनूनं आपल्याला जेवू घातलं," ती म्हणाली.

"हो."

"तातोबाच्या पोरीला कुणी घातलं?"

ती घरात गेली, लुगडं बदलून आली आणि डाव्या बाजूचं दार तिनं स्वतः उघडलं.

मगदूमांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाजारामागच्या बोळात होतं. बोळात गाडी जेमतेम जायची. त्या गाडीला आमच्या गावात ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि तिच्यात आई बसलेली कुणीच पाहिली नव्हती. बायका हातातली कामं टाकून दारात आल्या. सुनंदा बाहेर आली आणि आम्हाला बघून जागीच थबकली. भांडायला आलो असंच तिला वाटलं असणार.

आई उंबऱ्याजवळ गेली, पण आत शिरली नाही. ती बोळाकडं वळली. आवाज तिचा मुळातच बारीक, त्यात वय झालेलं, पण शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीसारखी ती ताठ उभी राहून बोलली.

"सगळ्यांनी ऐका. माझ्या मालकांना दगड लागला तो यांनी मारला नव्हता. दगड वजनकाट्याच्या बाजूनं आला होता. तिथं माझा भाऊ होता. माझ्या भावानं कोर्टात खोटं सांगितलं आणि मी ते खरं मानलं. हे मी सांगितलं म्हणून सगळीकडं सांगा."

समोरच्या दारातल्या एका म्हाताऱ्या बाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. सुनंदा भिंतीला टेकली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी तिच्याजवळ गेले, पण तिला हात लावायचा मला धीर झाला नाही.

आत तातोबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. माणूस नुसता हाडांचा सापळा राहिला होता, पण त्यांचे डोळे स्वच्छ होते. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं. आईला बघून ते उठायला लागले.

"उठू नका," आई म्हणाली. सुनंदानं खुर्ची पुढं केली, ती आईनं घेतली नाही. खाटेच्या पायथ्याशी ती तशीच उभी राहिली. "मी तुमची माफी मागायला आले. पण ती कोणत्या तोंडानं मागायची मला कळत नाही."

तातोबांनी हात हलवला, राहू दे अशा अर्थानं. "बसा, बाईसाहेब. इतकं चालून आलासा."

"गाडीनं आले."

"त्याच?"

"त्याच."

त्यांनी मान डोलावली. आईनं खाटेची कड धरली आणि विचारलं.

"ते तुमच्याशी काय बोलत होते?"

तातोबांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना धाप लागली. पण ते शब्द जुळवत होते.

"साहेबांनी काच खाली केली. म्हनले, तातोबा, संप कर, तुझं चुकलंय असं मी म्हनत न्हाई. पन तीन नंबरच्या पॅनमदी माल हाय, तेवढा उतरून घे, न्हाईतर गोठून बसंल. मी म्हनलो, घेतो साहेब. दोन मानसं आत सोडतो."

ते थांबले. सुनंदानं त्यांना घोटभर पाणी पाजलं. पाणी हनुवटीवर ओघळलं ते तिनं पदरानं टिपलं.

"मग गाडी चालू केली. पुन्हा थांबले. म्हनले, आनि एक काम कर. पोरातल्या कुनाला तरी माझ्या घराकडं धाड. सांग बाईसाहेबांस्नी, जेवायला माझी वाट बघू नका, सांगलीस्नं यायला रात हुईल. तुमी जेवून घ्या." त्यांनी डोळे उघडले आणि आईकडं बघितलं. "मी पोराला हाक मारायला वळलो, तवर दगड आला. मग त्यो निरोप तसाच माझ्याजवळ ऱ्हायला."

आई खाली बसली. खुर्चीवर नाही, खाटेशी जमिनीवर. त्या दिवशी वडिलांना मिरजेला नेलंय हे आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. मामा परत आला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

"मी थांबले होते," आई म्हणाली. "ताटं झाकून बसले होते मी. पोरीलाही वाढलं नाही."

"ठाऊक हुतं मला," तातोबा म्हणाले. "म्हनून तर फाटकाशी येत हुतो."